लेफ्ट आउटची जागा

हायस्कूलच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेनं पळणारा फॉरवर्ड, जून महिन्यात सांगलीला गेला. वडिलांची बदली झाली, पोरगं दाखला घेऊन निघून गेलं. बाकीचे दहा गेल्या वर्षीचेच होते, ठरलेले. अकरावी जागा तेवढी मोकळी राहिली. त्या एका जागेसाठी सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात तीसएक पोरं रोज सकाळी गांधी मैदानात चिखल तुडवत होती.

त्या तीसांत प्रसेनजीत होता. मलकापूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतला. नववीला शहरातली शाळा बरी म्हणून वडिलांनी त्याला कोल्हापुरात आपल्या बहिणीकडं, मीनाबाईकडं आणून ठेवलं. मीनाबाई एका खासगी दवाखान्यात आया होती. सकाळी सहाला जायची, चारला यायची. भाच्यावर तिचा जीव होता, पण बोलायला सुरीसारखी धारदार. पहिल्याच आठवड्यात तिनं सांगून टाकलं होतं.

"यंदा काय खेळायचं ते खेळून घे. पुढच्या साली दहावी. दहावीत बॉलला पाय लावलास तर एस.टी.त बसवून गावाकडं धाडीन."

म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. शनिवारी शिवाजी स्टेडियमवर शाळांच्या स्पर्धेतली पहिली मॅच होती आणि शुक्रवारी दुपारी सर अकरा नावं लावणार होते. बाकावर बसणाऱ्या पाच जणांनाही जर्सी मिळायची, नाही असं नाही. पण ती घातली तशीच कोरडी परत द्यायची. प्रसेनजीतला ती चिखलानं भरवून परत द्यायची होती. रात्री झोपताना आणि सकाळी उठताना दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेचा मामला. पोरगं चालायला लागलं की गल्लीतलं कुणीतरी त्याच्या पुढ्यात बॉल टाकतं. टीमचा कॅप्टन राजवीर तसल्याच घरातला. थोरला भाऊ, दोन चुलते, सगळे पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले. त्याचा चुलतभाऊ धैर्यशील हासुद्धा लेफ्ट आउटच्या जागेवर डोळा ठेवून होता. पोरगा वेगवान होता, बूट नवे होते, आणि जागा त्याचीच असं अर्धं मैदान धरून चाललं होतं.

प्रसेनजीतकडं एक गोष्ट होती जी पेठेत कुणी शिकवत नाही. त्याचं सगळं बालपण भातलावणीच्या चिखलात गेलं होतं. चिखलात टाच आधी टेकायची नाही. बोटं रोवायची, मग अंगाचा भार टाकायचा, आणि पाय काढताना सरळ वर न ओढता किंचित वळवून काढायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पायांनाच येत होतं. पावसाळ्यात गांधी मैदानात जागोजागी तळी साचायची. शहरातली पोरं वळायला गेली की आडवी व्हायची आणि हा मात्र डाव्या बाजूनं कोरड्या कातळावर चालल्यासारखा पळत जायचा.

खेळ शिकवणाऱ्या कृष्णात सरांच्या ते नजरेत आलं होतं. सर ओरडायचे कमी. कानावर पेन्सिल, हातात वही, वहीला पावसाचं पाणी लागू नये म्हणून दुधाची प्लॅस्टिकची पिशवी. "पाय घसरत न्हाय हेचा," असं ते एकदा स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते वाक्य प्रसेनजीतनं घरापर्यंत तोंडात गोळी घोळवावी तसं घोळवत नेलं.

आता नावाची गोष्ट. सरावाला आला त्या पहिल्या दिवशी तो सरळ एस.टी. स्टँडवरून आला होता. शनिवार-रविवार गावाकडं जाऊन आलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत तांदूळ. राजवीरनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय पावणं, कुणाकडं आलाय?"

"खेळायला आलोय."

"तांदूळ घिऊन? मॅच हाय भावा, जेवणावळ न्हाय."

पोरं हसली. तोही हसला. तेव्हापासून तो 'पावणं' झाला तो झालाच. "पावणं, बॉल आणा." "पावणं, फेका." "पावणं, पळा की, गाडी सुटली." टीममधलं दुसरं कुणी त्याच्या वर्गात नव्हतं, त्यामुळं खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि तीन आठवड्यांत कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. हाक आली म्हणजे बॉल येतो, एवढं त्याला पुरत होतं.

बुधवारी सरांनी दोन टीम पाडल्या. एकीकडं राजवीरची पहिली टीम, त्यात लेफ्ट आउटला धैर्यशील. दुसरीकडं उरलेले, त्यात लेफ्ट आउटला प्रसेनजीत. "आज आन् उद्या," सर म्हणाले, "दोन दिवस बघणार. मग माझं मी ठरवणार. कुणी माझ्या घराकडं चुलत्याला घिऊन यायचं न्हाय."

खेळ सुरू झाला आणि प्रसेनजीतच्या अंगात वारं शिरलं. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं दोनदा कडेनं बॉल नेला. एकदा क्रॉस टाकला तो गोलच्या दांडीला लागून परत आला. मैदानाच्या कट्ट्यावर बसून शेंगा खाणारा एक म्हातारा उठून उभा राहिला. "आरं, कुठलं रं हे पोरगं?" असं तो शेजारच्याला विचारत होता. प्रसेनजीतला ते ऐकू गेलं. कानशिलं तापली.

पुढचा बॉल त्याला आपल्याच अर्ध्यात मिळाला. समोर दोघं चालून आले. आणि पाठीमागून खणखणीत आवाज आला.

"पावणं, मागं! मागं द्या, मी हाय!"

त्यानं मागं न बघता टाचेनं बॉल मागं दिला. सुरेख दिला. दिला तो राजवीरला. राजवीर समोरच्या टीमचा. त्यानं तो पायात घेतला, दोन ढांगा टाकल्या आणि गोलात मारला.

मैदान हसून लोळलं. अक्षरशः लोळलं, चिखल असूनही. दुसऱ्या बाजूच्या गोलातून गोलकीपर बाळासो ओरडला, "पावण्यानं आहेर केला रं!" धैर्यशील तर पोट धरून बसला.

"ही लबाडी हाय," प्रसेनजीत पुटपुटला.

"कसली लबाडी?" राजवीर म्हणाला. "मी पावण्याला पावणं म्हणालो. तुम्ही बॉल दिलासा."

सरांनी शिट्टी वाजवली. "डोळं कुठं हुतं?" एवढंच विचारलं आणि कानावरची पेन्सिल काढली. वहीत काय लिहिलं ते कुणाला दिसलं नाही, पण प्रसेनजीतला वाटलं, आपल्या पोटावरच लिहिलं. त्यानंतर अर्धा तास त्याच्याकडं बॉल आला तरी पाय थिजल्यासारखे होत होते. कुणी 'पावणं' म्हटलं की आधी मान वळवून बघायचं, कोण हाक मारतोय, आपला की दुसरा. तोवर बॉल गेलेला.

संध्याकाळी मीनाबाई भाकरी थापत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं,

"तुला नाव न्हाय व्हय रं?"

"हाय की."

"मग पावणं कोण?"

"समदीच म्हणत्यात, आत्ती."

"पावणं म्हंजे चहा पिऊन जाणारा माणूस. तू जाणार हायस?"

"न्हाय."

"मग वळलास कशाला?" ती म्हणाली. "मी दवाखान्यात लागले तवा समदी मला 'ए' म्हणायची. ए, हिकडं ये. ए, फडकं आण. मी वळायचीच न्हाय. मोठ्या डॉक्टरीणबाई चहाला हाका मारून मारून दमल्या. चहा गार झाला. तिसऱ्या दिवशी विचारलं की, बाई तुमचं नाव काय. आता मीनाबाई म्हणत्यात. डॉक्टरीण म्हणत्या, तिचा नवरा म्हणतोय, समदा दवाखाना म्हणतोय."

"आगं पण बॉल पळत असतोय. तिथं सांगत बसू व्हय, माझं नाव अमूक?"

"सांगू नको. वळू नको."

"आन् काढलं म्हंजे?"

भाकरी फुगली, तिनं ती काढून त्याच्या ताटात टाकली. "काढलं तर काढलं," ती म्हणाली. "पण तुझ्या आज्ज्यानं त्ये नाव शोधलंय. विहारातली पोथी चार दिस मागून आणलीती आन् बोटानं एकेक अक्षर लावत वाचलीती. राजाचं नाव हाय म्हणाला, नातवाला ठेवा. आता तू भाकरी खा."

तो रात्रभर काही झोपला नाही असं नाही. झोपला, गाढ झोपला. पण सकाळी उठला तेव्हा ठरलेलं होतं.

गुरुवारी पाऊस थांबला होता आणि मैदानात ठिकठिकाणी पाणी चमकत होतं. आज सरांनी अदलाबदल केली. धैर्यशील दुसऱ्या टीमला, प्रसेनजीत राजवीरच्या टीमला. पहिल्या टीमच्या फॉरवर्डांची परीक्षा व्हावी म्हणून बाळासोला त्यांनी मुद्दाम समोरच्या गोलात उभं केलं.

पाचव्या मिनिटाला प्रसेनजीतला बॉल मिळाला. राजवीर मधोमध मोकळा होता.

"पावणं, दे!"

प्रसेनजीतनं ऐकलं. मान वळवली नाही. कडेनं सरळ पुढं गेला, बॅकनं आडवं पडून बॉल बाहेर घालवला.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. राजवीर गोलपासून पंधरा पावलांवर एकटा. "पावणं! आरं ए पावणं! हिकडं!" सबंध मैदानाला ऐकू जाईल असा आवाज. प्रसेनजीतनं बॉल पायातच ठेवला, एकाला चकवलं, दुसऱ्यानं काढून घेतला. आपण आपल्या हातानं आपली जागा घालवतोय हे त्याला कळत होतं. तरी त्यानं मान वळवली नाही.

तिसऱ्यांदा मात्र राजवीर धावतच आला आणि त्यानं त्याच्या शर्टाची कॉलर धरली.

"बहिरा हायस व्हय? घसा फुटला माझा! पावणं पावणं म्हणून बोंबलतोय!"

"पावणं कोण, मला म्हाईत न्हाय."

"काय?"

"ह्या टीममधी पावणं न्हाय कुणी. माझं नाव प्रसेनजीत हाय. त्या नावानं माग. देतो."

राजवीरनं कॉलर सोडली नाही, पण हात ढिला पडला. पोरं भोवती जमली. कुणाला हसावं की भांडावं ते कळेना. बाळासो गोल सोडून अर्ध्या मैदानापर्यंत आला होता.

"परसे... काय म्हणाला?"

"प्रसेनजीत."

"लई लांब हाय की मर्दा. म्हणंपर्यंत हाफ टाइम व्हईल."

आता हसले सगळे. प्रसेनजीतलाही हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. सर चालत आले. राजवीरला वाटलं, आता हा गेला. धैर्यशीलनं तर बुटाची नाडी सोडून नीट बांधायला घेतली, आता आपल्याला बोलावणार म्हणून. सरांनी पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि बराच वेळ बघत उभे राहिले. प्रसेनजीत अगदी शेजारी होता. त्याला पान दिसलं. तीस नावांची यादी होती आणि सतराव्या ओळीत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'पावणं, डावा पाय चांगला.'

"तीन आठवडं," सर म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग त्यांनी ती ओळ खोडली. "सांग. पुरं नाव सांग. सावकाश."

त्यानं सांगितलं. सरांनी लिहिलं. 'प्र' नीट आला नाही म्हणून खोडून परत लिहिला.

"ऐका रं," सर म्हणाले. "आता हितनं पुढं जो त्येचं नाव नीट घील त्येलाच त्यो बॉल देईल. आन् तू," ते प्रसेनजीतकडं वळले, "नावानं मागितला आन् दिला न्हाईस, तर आज्ज्याच्या नावासकट बाकावर बसवीन. कळलं?"

"व्हय सर."

आज्ज्याचं यांना कसं कळलं, असं त्याला क्षणभर वाटलं. मग ध्यानात आलं, सर नुसतं रागानं म्हणाले.

शिट्टी झाली, आणि त्यानंतरच्या वीस मिनिटांसारखी वीस मिनिटं गांधी मैदानानं क्वचितच पाहिली असतील. बॉल डावीकडं गेला की सगळी टीम चाचरत ओरडायची. "परसेजीत!" "पर्सन... ए!" "सेनजीत, सेनजीत!" समोरच्या टीमचे बॅक हसून हसून जागा सोडत होते. बाळासो गोलातून ओरडत होता, "राजवीर, उद्या पाठ करून ये! गुर्जींना म्हणून दाखव!" प्रसेनजीत ज्याचं नाव निम्मंअर्धं जमलं त्यालाही बॉल देत होता. त्याचा अडमुठेपणा संपला होता. आता तो नुसता पळत होता, आणि पळताना त्याला काल थिजलेले पाय आठवतसुद्धा नव्हते.

शेवटची पाच मिनिटं राहिली. सरांनी हात वर करून पाच बोटं दाखवली. गोल एकही झाला नव्हता. बॉल प्रसेनजीतकडं आला, मैदानाच्या अगदी कडेला, पाण्यालगत. धैर्यशील मैदानाच्या पलीकडच्या कडेची आपली जागा सोडून त्याला अडवायला मुद्दाम या बाजूला आला होता. दोघं समोरासमोर. धैर्यशील वेगात आला, वळायला गेला आणि नव्या बुटांसकट फरफटत पाण्यात गेला. प्रसेनजीत त्याच्या शेजारून बोटं रोवत निघून गेला.

"प्रसेनजीत!"

एका दमात, एकही अक्षर न गाळता. राजवीर होता. मधोमध, हात वर करून. आवाज इतका मोठा की दोन्ही बॅक आणि बाळासो तिकडं वळले. प्रसेनजीतनं मान वर केली. राजवीरपुढं दोघं उभे राहिलेले त्याला दिसले, आणि बाळासोनं सोडलेला गोलचा डावा कोपराही दिसला. नावानं मागितला आहे, द्यायलाच पाहिजे. सरांनी सांगितलंय. पण कोपरा मोकळा आहे.

त्यानं मारला.

बॉल बाळासोच्या हाताखालून गेला, गोलकडं निघाला, आणि गोलच्या रेषेच्या वीतभर अलीकडं, साचलेल्या पाण्यात जाऊन बसला. थांबला. हलेना. एक क्षण सगळे नुसते बघत राहिले, डबक्यात बसलेल्या त्या बॉलकडं. मग एकदम सगळे धावले. बाळासो उठायला गेला, पुन्हा पडला. एक बॅक घसरला, त्याच्यावर दुसरा. राजवीर गुडघ्यावर आला आणि तसाच सरपटत निघाला. या सगळ्यांच्या मधून एकटा प्रसेनजीत उभ्याउभ्या पळत आला, पाण्यात पाय घातला आणि पाण्यासकट बॉल आत ढकलला.

कट्ट्यावरचा म्हातारा शेंगा उधळून नाचायला लागला. राजवीर चिखलात बसल्याबसल्या ओरडला, "मी नाव नीट घेतलंतं की रं! दिला का न्हाईस?"

"दोघं हुते तुझ्यापुढं!"

"मग पुरं नाव कशापायी पाठ केलं मी? रात्री झोपलो न्हाय व्हय?" हे खोटंच होतं. नाव त्याला अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं. पण उठून उभं राहायला त्यानं हात पुढं केला होता, आणि प्रसेनजीतनं त्याला ओढून उभं केलं.

सर जवळ आले. प्रसेनजीतनं मान खाली घातली. मागितल्यावर दिला नव्हता, हे खरंच होतं.

"सर, मी..."

"मला दिसतंय," सर म्हणाले. "उद्या बघ."

ते 'उद्या बघ' घेऊन त्यानं रात्र काढली. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत व्यायामशाळेच्या दारावर कागद लागला. पुढं गर्दी. प्रसेनजीत मागं उभा राहिला, टाचा उंचावून. त्याला पहिलं नाव दिसलं, बाळासोचं. मग बॅक, मग हाफ. सहाव्यावर राजवीर. पुढच्यांची डोकी आड येत होती. नववं. दहावं. मग कुणाचं तरी डोकं बाजूला झालं.

अकरावं नाव त्यानं दोनदा वाचलं. 'प्र' यावेळी सरांनी पेनानं लिहिला होता आणि पहिल्याच खेपेला नीट आला होता.

धैर्यशील शेजारी उभा होता. त्याचं नाव खालच्या पाचांत होतं. त्याचं तोंड उतरलं होतं, डोळे लाल होते. "एक मॅच," तो म्हणाला. "चुकलास की मी हाय."

"व्हय," प्रसेनजीत म्हणाला. दोन ढांगांवर जाऊन मात्र त्यानं व्यायामशाळेच्या मागं, जिथं कुणी नव्हतं तिथं, भिंतीवर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या, आनंदानं, सोलपटून निघेपर्यंत.

शनिवारी स्टेडियमवर दोन्ही शाळांची पोरं डबे वाजवत होती. दुपारचा पाऊस थोडा भुरभुरून गेला होता. मीनाबाई दवाखान्यातनं अर्धा तास आधी सुटी मागून आली होती आणि तटाला टेकून उभी होती. फुटबॉल तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. शेजारच्या बाईला ती बोट दाखवून सांगत होती, "त्यो. अकरा नंबर. त्यो माझा भाचा."

मधल्या वर्तुळात बॉल ठेवला होता. राजवीर त्याच्याजवळ उभा राहिला, त्यानं डावीकडं मान केली.

"जीत," तो म्हणाला. "येवढंच म्हणीन. पुरं म्हणायला येळ न्हाय. चालंल?"

"चालंल."

"मागितला की देणार?"

"बघू."

"बघ ह्येला!" राजवीर हसला आणि रेफ्रीकडं वळला.

प्रसेनजीतनं पायाखालची माती चाचपली. ओली होती, मऊ, वर पाण्याचा पातळ थर. त्याच्या समोरचा बॅक उंच होता, अंगानं दुप्पट, आणि टाचांवर भार देऊन उभा होता. शिट्टी वाजली. राजवीरनं बॉल सरळ डावीकडं ढकलला. प्रसेनजीत बॉलवर गेला, पहिल्याच पावलाला, आणि पळत सुटला.